गप गिरणीची सुगी

शेजारच्या वकिलांच्या थोरल्यानं गाडी घेतली आहे. टर्बो आहे म्हणे. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती अशी काही फिस्स करते, की आमच्या ओट्यावरचं मांजर दचकून भिंतीवर चढतं. रोज तेच आणि रोज तेवढंच दचकणं. परवा वकीलसाहेबांचा पारा चढला. "एक तर हे फुसकारणं बंद कर, नाहीतर गाडी माधवनगर रोडला लावून तिथनं चालत घरी ये," असं त्यांनी भर गल्लीत सुनावलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री हजर. इंजिन म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. मीही खुर्ची उचलली आणि जाऊन बसलो.

मिस्त्री चांगला होता, म्हाताऱ्या माणसालाही नीट सांगणारा. "आजोबा, हवा आत दाबून भरलेली असते. पाय उचलला की तिला कुठंतरी जायला पाहिजे. ही झडप तिला बाहेर सोडते, त्याचा हा आवाज. आता मी इथनं एक नळी फिरवतो, म्हणजे ती हवा परत आतच जाईल. काम तेच, आवाज गप." अर्ध्या तासात त्यानं केलंही. गाडी कोपऱ्यावरनं वळून आली ती मुकाट. वकीलसाहेब खूश झाले आणि मांजर ओट्यावरच झोपून राहिलं.

मी घरात आलो आणि ताटावर नुसता बसून राहिलो. समोर नव्या शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, भाकरी होती. फाल्गुन सरत आला की माण-आटपाडीकडचा शाळू सांगलीच्या पेठेत येतो. पुतण्या आठवणीनं दोन पोती घेतो आणि पहिली भाकरी माझ्या ताटात वाढायची असा घरात दंडक आहे. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली भाकरी, पण घास काही उतरेना. सूनबाईनं विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "ऊन लागलं जरा." ऊन कुठलं डोंबलाचं! चांगला सावलीत बसलो होतो मी.

पन्नास वर्षं होत आली. ह्या गोष्टीला म्हणजे त्या सुगीला. मी तिच्याबद्दल कधी कुणाशी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नाही. एक आवाज होता, तो मी बंद केला. एवढीच माझी कर्तबगारी.

आमचं गाव माण आणि आटपाडीच्या मधल्या माळावर. एका बाजूला सातारा जिल्हा संपतो, दुसऱ्या बाजूला सांगली जिल्हा सुरू होतो आणि पाऊस दोन्हीकडं सारखाच येत नाही. गावात शाळा चौथीपर्यंत, देऊळ एक, आणि पीठगिरणी एक, ती आमची. पुढं गिरणी, मागं घर, मधे एक कुडाची भिंत. वडिलांनी डिझेलचं इंजिन बैलगाडीतनं आणलं तेव्हा म्हणे त्याला नारळ फोडायला सात वाड्यांची माणसं जमली होती. मी जुना मॅट्रिक. दहिवडीला शिकलो, नोकरी शोधायला मुंबईला जाणार होतो. पण वडील गेले, आणि इंजिनाला हॅन्डल कुणीतरी मारायलाच पाहिजे होतं.

ज्यांनी ती जुनी इंजिनं ऐकली नाहीत त्यांना काय सांगायचं? धुराची नळी छपरातनं वर गेलेली आणि तिच्या तोंडावर वडिलांनी एक पत्र्याचा डबा उलटा टांगलेला. धुराच्या प्रत्येक ठोक्याला डबा 'पुक' करायचा. पुक, पुक, पुक. तीन मैलांवर ऐकू जायचा. डबा नसता तरी दळण झालंच असतं, पण मग वाड्यावस्त्यांना कळणार कसं, की गिरणी सुरू झाली? सकाळी आठला पुकपुक सुरू झाली की बायका पाटीत दळण घ्यायच्या, दुपारी बाराला थांबली की रानातली माणसं भाकरी सोडायची. गावात घड्याळ होतं दोघांकडं, मास्तर आणि सरपंच, आणि ते दोघेही ते आमच्या डब्यावरच लावायचे.

आणि एक होतं. गावात कुणी वारलं की गिरणी बंद. माती होऊन माणसं परत येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, हा पायंडा वडिलांनीच पाडला. त्यामुळं सांगावा धाडावा लागायचा नाही. अवेळी, म्हणजे दहाला नाहीतर तीनला, पुकपुक तुटली की रानातला माणूस खुरपं खाली ठेवायचा, "कोण गेलं रं?" म्हणायचा आणि गावाकडं चालायला लागायचा. बहात्तरच्या दुष्काळात तर हे फार झालं. त्या दोन वर्षांत मी गिरणी किती वेळा थांबवली ते मला आठवायचं नाही.

त्या दुष्काळात आम्ही दळला तो लाल मिलो, रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी. त्याच्या पिठाला वास नव्हता आणि भाकरीला रंग होता. लोक खडी फोडायच्या कामावरनं यायचे आणि बायका पसाभर दळण घेऊन दारात बसायच्या. मग एका वर्षी परतीचा पाऊस पडला, असा पडला की ओढ्याला पाणी बघायला म्हातारी माणसं काठ्या टेकत गेली. शाळू कमरेच्या वर आला, कणसं पिळदार झाली. खळी झाली, मळण्या झाल्या, कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या. फाल्गुनात पोत्यांच्या तोंडाला दोरा घालायला दाभण पुरेना. गिरणीत इतकी गर्दी, की पाट्यांची रांग पार चिंचेपर्यंत. नव्या शाळूचं पीठ दगडाखालनं कोमट येतं. बायका हात पुढं करून ते मुठीत धरायच्या, वास घ्यायच्या आणि एकमेकींना दाखवायच्या. एक तर चक्क रडली. "आपलं हाय गं, आपल्या रानातलं हाय," असं काहीतरी म्हणत होती.

आणि माझी शालन मागच्या खोलीत डोक्याला फडकं आवळून पडली होती.

शालन कोयनानगरची. तिचे वडील धरणाच्या कामावर. घाटातली, पावसातली, हिरव्यातली पोरगी आमच्या माळावर आली. लग्नानंतर पहिल्या दिवशी तिनं दारात उभं राहून चारी दिशांना बघितलं आणि मला विचारलं, "आवं, हितं झाडं कुटं ठेवता तुमी?" मी म्हणालो, "पेटीत. सणाला काढतो." तशी हसली. त्या हसण्यावर मी सहा वर्षं काढली. मूल झालं नाही, त्याचं तिला वाईट वाटायचं, मला एवढं नाही. ती चिडवायची फार. मी पिठानं पांढरा होऊन जेवायला बसलो की आईला म्हणायची, "आत्याबाई, ह्यांस्नी आदी झटका. न्हाईतर ह्यांच्याच भाकरी व्हत्याल."

तिचं डोकं दुखायला लागलं ते संक्रांतीच्या आसपास. आधी आम्ही ऊन म्हणालो, मग नजर म्हणालो, मग चष्मा म्हणालो. उलट्या व्हायला लागल्या, एक डोळा नीट उघडेना, तेव्हा मी तिला एस.टी.त घालून मिरजेला नेलं. मोठ्या दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टर भला माणूस. त्यानं मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. तेव्हाच मला कळलं. डोक्यात गाठ होती, आणि ती अशा जागी, की तिथं हात घालता येत नव्हता. मी विचारलं, "मग मी काय करू?" तो म्हणाला, "घरी न्या. अंधार ठेवा. शांतता ठेवा. आवाज नको."

मला वाटतं, तो बिचारा काहीतरी सांगायचं म्हणून बोलला. मी विचारलं नसतं तर तो एवढंही बोलला नसता. पण मला ते शेवटचे दोन शब्द मिळाले. परतीच्या अख्ख्या प्रवासात शालन माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि मी मनातल्या मनात घोकत होतो, आवाज नको, आवाज नको. बरी करणं माझ्या हातात नव्हतं. आवाज बंद करणं होतं. मी इंजिनवाला माणूस. मला करायला काम मिळालं होतं आणि खोटं कशाला सांगू, विट्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत मला जवळजवळ बरं वाटायला लागलं होतं.

सरळ गिरणीच बंद ठेवावी, असं पहिल्यांदा मनात आलं. शालनच उसळली. "लोकं दोन वर्सांनी आपल्या रानातलं खात्यात, आन् तुमी माज्या डोक्यापायी त्यांचं दळण बंद करणार? दुसरी गिरणी हाय का सा कोसात? आन् बंद केलीसा तर समद्यांस्नी वाटंल मी मेली." ते खरंच होतं. म्हणून ठरलं, गिरणी चालवायची, पण गप.

आधी डबा काढला. आवाजाची धार गेली, पण ठोका राहिला. जमिनीतनं यायचा, खाटेच्या पायातनं वर चढायचा. लोक विचारायला लागले, "आप्पा, गिरणीचा घसा बसला का रं?" मग मी माझी अक्कल चालवली. नळीच्या तोंडाला ओलं पोतं गुंडाळलं, वर वाळूची पाटी ठेवली. पाच मिनिटं सुरेख शांतता. मग इंजिनानं सगळा धूर माझ्याच गिरणीत ओकला. बायका पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या, तानूमावशीच्या अख्ख्या पाटीला डिझेलचा वास बसला. तानूमावशी म्हणजे आमच्या शेजारची, आईची मैत्रीण, गावातली सगळ्यात मोठ्या गळ्याची बाई. त्या दिवशी तिनं माझ्या सात पिढ्यांना जी आंघोळ घातली, ती डब्याशिवाय तीन मैल गेली असेल.

शेवटी आटपाडीहून हमीदभाईला बोलावलं. हमीदभाई मिस्त्री वडिलांच्या वेळेपासनचे, इंजिनाच्या छातीला कान लावून रोग सांगणारे. त्यांनी माझं पोतं-वाळू प्रकरण बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरं येड्या, तू मॅट्रिक झालास का उगंच? धुराला वाट दिल्याबिगर इंजिन चालतंय व्हय? गप करायचं तर त्याला लांब फिरवायला पायजे. दमवायला पायजे." मग खोलीच्या दारात जाऊन त्यांनी नुसतं आत बघितलं. शालननं डोक्यावरचा पदर सारखा करायचा प्रयत्न केला. हमीदभाई माघारी आले ते डोळे पुसत, आणि कुदळ कुठं आहे म्हणून माझ्यावरच खेकसले.

गिरणीच्या मागं आम्ही दोघांनी माणूसभर खड्डा काढला. डिझेलचं रिकामं पिंप त्यात पुरलं, ते ओढ्यातल्या गोट्यांनी भरलं. इंजिनाची नळी जमिनीखालनं पिंपात आणि पिंपातनं दुसरी नळी लांब बाभळीपाशी बाहेर. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, चालत्या इंजिनावर, हमीदभाईंनी जुन्या नळीवर बसवलेली झडप फिरवली आणि धूर पिंपाकडं वळवला.

ती शांतता मला अजून ऐकू येते. चाक फिरतंय, पट्टा फिरतोय, दगडाखालनं पीठ पडतंय आणि पुकपुक नाही. नुसतं पट्ट्याचं सळसळणं. चिमण्या ऐकू आल्या. माझ्या गिरणीत चिमण्या आहेत हे मला तेव्हा कळलं. हमीदभाईंनी मान डोलावली आणि मी वेड्यासारखा हसायला लागलो. धावत आत जाऊन शालनला विचारलं, "कसं वाटतंय?" तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ग्वाड वाटतंय." आई तिला पेज पाजत होती. मी परत गिरणीत आलो आणि दळणं ओतायला लागलो. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कुणाचं दळण दळलं नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासानं मला वाटलं, बाहेर कुणीतरी आलंय. दार लोटून बघतो तर आमच्या घराच्या भिंतीला टेकून पंधरा-वीस माणसं ओळीनं बसलेली. टोप्या, मुंडाशी काढून मांडीवर. रानातनं आणखी येत होती, बांधा-बांधानं, सगळी आमच्याच दिशेनं. मला वाटलं, गावात मयत झालं आणि मला कसं कळलं नाही? मी विचारलं, "कोण गेलं रं?"

सगळ्यांनी खाली बघितलं. आणि मला दिसला तो गणपा, माझ्या चुलत्याचा मुलगा, कुंपणाजवळ उभा, खांद्यावर हिरवा कळक घेऊन. तिरडीचा.

अहो, मी स्वतः फसलो! मीच आवाज बंद केलेला, माझ्याच हातानं. मला वाटलं, मी तिकडं पीठ उडवत हसत होतो आणि शालन गेली. सगळ्या गावाला कळलं आणि मला नाही. मी ओट्यावरनं धडपडत आत पळालो. त्याच क्षणी पलीकडच्या दारानं तानूमावशी शिरली, केस सोडलेली, छाती पिटत. "आगं माज्या शालने, आगं माज्या लेकी, कशी गं टाकून गेलीस..." तिनं खाटेवर झेप घेतली आणि शालनला मिठी मारली.

शालनच्या हातात पेजेची वाटी होती. तिनं ती सांडू दिली नाही, बाजूला धरली. मग म्हणाली, "या मावशी. बसा. च्या घेता का?"

तानूमावशी किंचाळली ती वेगळंच. मग हसायला लागली, मग रडायला लागली आणि मग दोन्ही एकदम. बाहेर गलका झाला. कुणी म्हणालं, "जित्ती हाय, जित्ती हाय," कुणी मला शिव्या घातल्या. हमीदभाई ओरडून सांगत होते, इंजिन चालू आहे, या, बघा, हात लावा. गणपाची तर दैना झाली. कळक कुठं लपवावा हेच त्याला कळेना. त्यानं तो पाठीमागं धरला, तर तो डोक्यावरनं हातभर वर दिसायला लागला. खिडकीतनं शालनला तो दिसला. ती हाक मारून म्हणाली, "गणपाभावजी, कळक लय सरळ मिळाला की. आन् माजी उंची बी बराबर ध्येनात हाय तुमच्या." गणपा तिथंच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

सगळे गेल्यावर आईनं देवापुढं साखर ठेवली. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडं मानतात. आई त्या एका गोष्टीला चिकटली ती चिकटलीच. जो येईल त्याला सांगायची, "आख्खं गाव मातीला आल्तं. आता हिला काय व्हत न्हाई." मीही मानलं. मी मॅट्रिक, विज्ञानात पासष्ट मार्क, मीही मानलं. फक्त शालननं मानलं नाही. संध्याकाळी मी कुदळ घेऊन निघालो, नळी उखडून पुन्हा डबा टांगतो म्हणालो. लोक तुला असं रोज मारणार असले तर नको मला ही शांतता. तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या वो. बरं वाटतंय मला. आन् दवंडी द्या, गिरणी चालू हाय म्हणून. परत कुणाचा कामाचा दिस मोडाया नको."

दवंडी दिली. लोकांना सवय झाली. आता गिरणी चालू का बंद, ते दारात येऊन बघावं लागायचं. मास्तर आणि सरपंच यांच्या घड्याळांत पंधरा मिनिटांचा फरक पडला आणि त्यावरनं दोघांची भांडणं व्हायला लागली. एक गंमत सांगतो. गिरणी गप झाली तशी माणसंही गिरणीत हळू बोलायला लागली. इतकी वर्षं इंजिनावर ओरडून बोलायची सवय, आता सगळ्या बायका कुजबुजायच्या. पाटी ठेवताना जमिनीवर हळूच टेकवायच्या. आत पडलेल्या बाईसाठी सगळं गाव चवड्यावर चालत होतं. मला त्या माणसांबद्दल आज भरून येतं. त्या वेळी येत नव्हतं, तेव्हा मला वाटत होतं, मी जिंकत चाललोय.

चैत्र लागला. कडुलिंबाला मोहर आला, त्याचा वास पिठाच्या वासात मिसळायचा. घरोघरी खाटांवर कुरड्या वाळत पडल्या. गिरणीची गर्दी जरा ओसरली. त्या नळीच्या फेऱ्यामुळं इंजिन तापायला लागलं होतं, त्याला गार ठेवायच्या हौदातलं पाणी उकळायचं. म्हणून एका दिवशी मी ते सकाळपासनंच बंद ठेवलं. हॅन्डलला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, आज शालनजवळ बसू. पंख्यानं वारा घालत होतो. डोळ्यावर ओली पट्टी होती तिच्या. हात खाटेबाहेर लोंबत होता, आणि त्या हाताचं एक बोट खाटेच्या लाकडावर वाजत होतं. टक, टक, टक. मला तो ठेका ओळखता आला. वडिलांच्या डब्याचा ठेका.

ती म्हणाली, "आवं, आज लयच वाजतीया. जरा बारीक करा की."

मी तिला सांगायला पाहिजे होतं का, की इंजिन गार आहे? की काल संध्याकाळपासनं ठोका पडलेलाच नाही? मी उठलो. गिरणीत गेलो. गार इंजिनापाशी उभा राहिलो, चाकावर हात ठेवला. खड्डा, पिंप, गोटे, बाभळीपर्यंतची नळी, सगळं नीट जागच्या जागी होतं. सगळ्या गावाला मी शांतता दिली होती. तो गाडीचा मिस्त्री म्हणाला ना, हवा परत आतच फिरवायची. आवाज तिच्या आत होता, पहिल्यापासनं तिथंच होता, आणि तिथं माझी नळी पोचत नव्हती. 'ग्वाड वाटतंय' ती माझ्यासाठी म्हणाली होती. मी खड्ड्यातनं मातीनं भरलेला, घामानं निथळणारा, हसत आत आलो होतो. दुसरं काय म्हणणार होती ती?

मी थोडा वेळ थांबून आत आलो आणि म्हणालो, "केली बारीक."

"हां," ती म्हणाली. "आता बरं."

पुढं हे रोजचं झालं. ती म्हणायची, मी उठायचो, जाऊन यायचो. तिला खरं कळत होतं का, हे मी तिला विचारलं नाही आणि ती बोलली नाही. काही लोक म्हणतात, माणसानं शेवटपर्यंत आशा ठेवावी. ठेवा बाबांनो. मी त्या दिवशी गिरणीत उभा असताना माझ्याजवळची होती ती सगळी संपली. त्यानंतर मी जे केलं ते नुसतं हातांना काम म्हणून.

ती गेली ती चैत्रातल्याच एका दुपारी, तीन-साडेतीनला. ऊन रणरणत होतं. बायका पाट्या ठेवून घरी कुरड्या घालायला गेल्या होत्या, गिरणीत मी एकटा. आई दारात आली. चौकटीला धरून नुसती उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. आत गेलो. शालनचं बोट थांबलं होतं. डोळ्यावरची पट्टी मी काढली, ती अजून ओली होती.

मग मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. गिरणी बंद झाली, आता लोक येतील. आमच्या घरातनं कधी कुणाला सांगावं लागलेलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही मी फक्त इंजिन थांबवलं होतं आणि घटकाभरात अंगण भरलं होतं. मी वाट बघत बसलो. कुणी येईना. बांधावर कुणी दिसेना. शेळ्या घेऊन एक जण समोरनं गेला, त्यानं हात वर करून विचारलं, "काय आप्पा, जेवलास का?" आणि मी मान हलवली. हो म्हणालो! एक बाई दळणाची पाटी घेऊन आली, "सांच्याला न्हेते रं," असं कुजबुजत बोलली, पाटी हळूच टेकवली, आत झोपलेल्या शालनची झोप मोडू नये म्हणून चवड्यावर माघारी गेली. मी तिलाही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. जोवर कुणी येत नव्हतं, तोवर गावाच्या लेखी शालन होती.

आतनं आईचा आवाज आला, "कुनीच कसं आलं न्हाई रं अजून?"

तेव्हा मी उठलो. पहिलं दार तानूमावशीचं. ती अंगणात खाटेवर कुरड्या घालत बसली होती, कोपरापर्यंत हात चिकानं भरलेले. मी समोर उभा राहिलो. काय बोलायचं ते मला येत नव्हतं, ते कधी बोललोच नव्हतो. "मावशी," मी म्हणालो, "शालन गेली."

तिनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. "परत?" ती म्हणाली.

ते हसू मला थांबवावं लागलं. "न्हाई मावशी," मी म्हणालो, "आता खरं." आणि तिथनं पुढच्या दारात गेलो, मग त्याच्या पुढच्या. उन्हं कलेपर्यंत मी एकटा सगळं गाव फिरलो, आणि प्रत्येक दारात मला ते दोनदा सांगावं लागलं.